पाहुणे येणार, डांबर आणा

२०२६ च्या जानेवारीत पुण्यात आठवडाभराच्या आत दोन शर्यती झाल्या. १५ तारखेला महापालिकेची निवडणूक, १६ ला निकाल आणि १९ ला ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत. पहिल्या शर्यतीची पुणेकर जवळजवळ चार वर्षं वाट बघत होते, कारण मार्च २०२२ पासून महापालिकेत नगरसेवकच नव्हते, नुसते प्रशासक होते. दुसरीची वाट फारसं कुणी बघत नव्हतं. तरी रस्ते झाले ते दुसरीसाठी. मतदाराच्या वाट्याला आश्वासनं आली आणि सायकलपटूच्या वाट्याला डांबर. यातून ज्याला जो बोध घ्यायचा तो त्याने घ्यावा. मी तर मतदार ओळखपत्र घरी ठेवून हेल्मेट घालून क्षेत्रीय कार्यालयात जायचं ठरवलंय.

शर्यत झकास झाली, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर ‘पुण्यातल्या लोकांना काही चांगलं बघवतच नाही’ असा ठपका यायचा, आणि तो काही अगदीच खोटा नसतो. तीसहून अधिक देशांचे सायकलपटू, ४३७ किलोमीटरचा मार्ग, पाच दिवस. पहिल्या दिवशी फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता, मग मुळशी-मावळ, मग सासवडहून थेट बारामती. दुतर्फा माणसं उभी, पोरं झेंडे हलवतायत, रस्ता रिकामा, शाळांना सुट्टी. जंगली महाराज रस्ता रिकामा बघणं हाच एक प्रेक्षणीय प्रकार होता. काही ज्येष्ठ मंडळी सायकली बघायला नव्हे, तर रस्ता बघायला आली होती असा मला दाट संशय आहे.

आता शर्यतीची सायकल हा भलताच नाजूक जीव. टायर जेमतेम २८ मिलिमीटर रुंद आणि उतारावर वेग मोटारीला लाजवणारा. अशा टायरखाली एखादं खचलेलं चेंबर आलं, तर पाहुणा परत जाईल तो प्लास्टरमध्येच. म्हणून मार्गावरचे खड्डे बुजले, चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीला आली, गतिरोधकसुद्धा निघाले. इतकी वर्षं आम्हाला ऐकवलं जात होतं की चेंबर आणि रस्ता एका पातळीत आणणं हा फार गुंतागुंतीचा तांत्रिक प्रश्न आहे. रस्ता पथ विभागाचा, चेंबर ड्रेनेजवाल्यांचं, खोदाई केबल कंपनीची आणि दोष पावसाचा. तो गुंता शर्यतीच्या आधी पटापट सुटला. म्हणजे प्रश्न तांत्रिक नव्हताच, टायरच्या मापाचा होता. आमच्या स्कूटरचं टायर चांगलं रुंद, शिवाय तिच्यावर बायको, दोन मुलं, दप्तरं आणि पाच किलोचं दळण असं वजनही भक्कम. आम्हाला कशाला हवी पातळी?

गतिरोधकांचं तर मला खरंच वाईट वाटलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. आपल्याकडे गतिरोधक ही स्थानिक कलाकाराची मुक्त अभिव्यक्ती असते. नगरसेवकाच्या घरासमोरचा वेगळ्या घाटाचा, देवळासमोरचा वेगळा, शाळेसमोर गरज असेल तिथे तो नसतोच. एवढं सगळं वैविध्य शर्यतीपायी सपाट झालं. बरं, ते सपाट झाल्यावर मागून येणारे काही सायकलपटू नव्हते, आपलेच डंपर होते.

ज्या गावाला एके काळी सायकलींचं शहर म्हणत, त्याच गावात हे घडलं, हे वाक्य पुण्यात उच्चारायची सोय नाही, कारण पुढची वीस मिनिटं समोरचा माणूस आपल्या वडिलांच्या सायकलीबद्दल बोलतो. म्हणून थेट २०१७ वर येतो. त्या डिसेंबरात महापालिकेच्या मुख्य सभेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. ८०० किलोमीटरहून जास्त लांबीचे सायकल मार्ग त्यात होते. म्हणजे ग्रँड टूरचा अख्खा मार्ग जवळजवळ दोनदा आपल्या नुसत्या आराखड्यात मावेल. त्याच सुमारास ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकलीही आल्या. काही मोडल्या, काही हरवल्या, कंपन्या गेल्या. जे सायकल मार्ग प्रत्यक्षात उतरले, त्यांवर आज दुचाक्या उभ्या असतात, वडापावच्या गाड्या असतात, एखाद्या ठिकाणी तर मार्ग थेट झाडाच्या बुंध्यात जाऊन संपतो. रोज सायकलवर कामाला जाणारा वॉचमन किंवा पेपर टाकणारा पोरगा यांच्या मार्गाला काय झालं? काहीच झालं नाही. म्हणजे अगदी शब्दशः काहीच झालं नाही. त्या आराखड्यात सगळं होतं. फक्त तारीख नव्हती.

आणि महापालिका तारखेवर चालते. खड्ड्याला तारीख नसते. तो आषाढात पडतो, दिवाळीपर्यंत मुरतो, मार्चमध्ये त्याची निविदा निघते आणि पुढच्या आषाढात त्याला भाऊ होतो. सोहळ्याचं तसं नसतं. पाहुण्याचं विमान अमुक तारखेला उतरणार, मंत्री अमुक वाजता झेंडा दाखवणार, कॅमेरे लागणार. एकदा ही तारीख पडली की अभियंत्याला झोप येत नाही, ठेकेदाराला रोलर सापडतो, आणि ‘निधी उपलब्ध नाही’ हा शेरा फायलीवरून आपोआप पुसला जातो.

निधी येतो कुठून, हा मला पडलेला प्रश्न. आमच्या सोसायटीत एक काका राहतात. एका महापालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले आहेत (कुठल्या ते विचारू नका, पेन्शन चालू आहे). त्यांना गाठलं.

“काका, एखाद्या सोहळ्याला महापालिकेचा एकूण खर्च किती झाला हे बघायचं, तर अंदाजपत्रकाचं कुठलं पान काढायचं?”

“पान नसतं रे बाबा. पानं असतात. आणि ती निरनिराळ्या खात्यांत असतात.”

“म्हणजे कशी?”

“डांबर टाकलं की ते पथ विभागाच्या देखभाल-दुरुस्तीत. दुभाजकावरची कुंडी उद्यान विभागात. झाडाला गुंडाळलेली दिव्यांची माळ विद्युत विभागात. टँकर पाणीपुरवठ्यात. भिंतीवरचं वारली चित्र घनकचऱ्यात.”

“चित्र घनकचऱ्यात?”

“स्वच्छ सर्वेक्षणात त्याचे गुण मिळतात ना! फ्लेक्स जनसंपर्काकडे. पोलीस बंदोबस्त राज्य सरकारचा, तो तर आपल्या वहीतच नाही.”

“मग सोहळ्याच्या नावावर उरतं काय?”

“शाल, श्रीफळ आणि मांडव,” काका म्हणाले. “पत्रकारांनी विचारलं की तेवढा आकडा द्यायचा. खोटं बोलल्याचं पाप लागत नाही.”

“आणि एखाद्या खात्यातले पैसे संपले तर?”

काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, ज्या नजरेनं शिक्षक पाढे न येणाऱ्या मुलाकडे बघतात. “वर्गीकरण,” ते म्हणाले.

वर्गीकरण हा शब्द बाहेरगावच्या वाचकांसाठी जरा सोडवून सांगतो. एका कामासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्या कामाकडे वळवायचे, ह्याला वर्गीकरण म्हणतात. कुठल्या तरी प्रभागातली जलवाहिनी, कुठल्या तरी दवाखान्याचं छत, कुठल्या तरी शाळेची स्वच्छतागृहं ही अंदाजपत्रकात मोठ्या ऐटीत बसलेली असतात. मग स्थायी समितीपुढे एक प्रस्ताव येतो, बहुतेक वेळा कार्यपत्रिका छापून झाल्यावर, आयत्या वेळचा विषय म्हणून, आणि जलवाहिनीचे पैसे उठून कारंज्यात जाऊन बसतात. रद्द काहीच होत नाही. जलवाहिनी पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात पुन्हा त्याच ऐटीत बसते.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त लागली. महापालिका जेव्हा एखाद्या खासगी महोत्सवाची ‘सहप्रायोजक’ होते, तेव्हा नेहमी चेक फाडतेच असं नाही. मैदान फुकट देते, नाट्यगृहाचं भाडं सोडते, आकाशचिन्ह विभागाची फी माफ करते, कचरा उचलून देते. यातला उचललेला कचरा तरी दिसतो. माफ केलेलं भाडं कुठल्याच पानावर दिसत नाही. जे मागितलंच नाही ते लिहिणार कुठे? आणि त्याच नाट्यगृहाचं भाडं एखाद्या हौशी नाट्यसंस्थेनं दोन दिवस उशिरा भरलं, तर ते मात्र दंडासह अगदी ठळक दिसतं.

कायद्याचं म्हणाल तर कायदा बिचारा स्पष्ट आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात, म्हणजे १९४९ च्या त्या जुन्या मुंबई प्रांतिक कायद्यात, दोन याद्या आहेत. कलम ६३ मध्ये महापालिकेने जे केलंच पाहिजे ते: पाणी, गटारं, दिवाबत्ती, रस्ते, झाडलोट. कलम ६६ मध्ये जे केलं तर चालेल ते. उत्सव, करमणूक, मानसन्मान ही सगळी या दुसऱ्या यादीतली मंडळी. पहिली यादी बंधनकारक आणि दुसरी ऐच्छिक, असं वकील सांगतात. व्यवहारात मात्र पहिली यादी ऐच्छिक झालेली आहे आणि दुसरीला तारीख असल्यामुळे ती बंधनकारक. आणखी एक कलम महापालिकेच्या कॅन्टीनमधल्या पोऱ्यालाही पाठ असतं: ‘पाच-दोन-दोन’. निविदा न मागवता थेट काम देण्याची ती पळवाट. कारणं मात्र लेखी नोंदवावी लागतात. सोहळा तोंडावर आला की ‘वेळ कमी असल्याने’ हे सगळ्यात सुटसुटीत कारण. सोहळ्याची तारीख दोन-दोन वर्षं आधी जाहीर झालेली असते, हे कारण नोंदवणाऱ्याला कुणी कळवलेलं नसतं.

जी-२० देशांच्या बैठकांच्या वेळी पाहुण्यांसाठी शहर सजवण्याच्या कलेनं कळस गाठला. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत पहिली बैठक भरली, तेव्हा पाहुण्यांच्या वाटेवरच्या झोपडपट्ट्यांसमोर कापडाचे पडदे उभे राहिले. विषय होता विकास. ‘विकास कार्यगट’ असं त्या बैठकीचं नावच होतं. विकासावर बोलायला आलेल्या माणसाला अविकास दिसू नये, ही काळजी यजमानाने घ्यायलाच हवी. उगाच त्याचं लक्ष विषयाकडे जायचं. त्याच हंगामात मुंबई महापालिकेने सुशोभीकरणाचा १,७०० कोटींच्या घरातला कार्यक्रम हाती घेतला. पूल रंगले, खांबांवर दिव्यांची वेटोळी चढली, झाडांना रात्रीसुद्धा डोळा लागू नये अशी व्यवस्था झाली. १,७०० कोटी ही रक्कम राज्यातल्या कितीतरी नगरपालिकांनी फक्त चित्रात बघितलेली आहे.

पुण्यात जानेवारी २०२३ मध्ये पायाभूत सुविधांवरची बैठक झाली. बैठकीच्या आधी रातोरात विद्यापीठ रस्त्यावर हिरवळ उगवली. दुभाजकावर फुलांच्या कुंड्या आल्या. कुंड्यांवरून आठवलं: गुरुग्राममध्ये जी-२० साठी मांडलेल्या कुंड्या एका महागड्या मोटारीतून आलेल्या गृहस्थांनी भरदिवसा उचलून डिकीत घातल्या आणि नागपुरातही तसाच एक व्हिडिओ फिरला. लोक त्यांच्यावर तुटून पडले. मला ते जरा अन्यायाचं वाटलं. अहो, सोहळ्याचा लाभ थेट घरापर्यंत नेणारे ते एकमेव नागरिक. बाकीच्यांना तो अप्रत्यक्ष मिळतो असं ऐकतो.

अप्रत्यक्ष लाभाचं नाव ब्रँडिंग. शहराचं नाव जगाच्या नकाशावर येतं म्हणे. (पुणे जगाच्या नकाशावर नव्हतं, तर इतकी वर्षं अमेरिकेत गेलेली आमची पोरं सुट्टीत परत कुठे येत होती?) हॉटेलं भरतात, टॅक्सीवाल्याला धंदा मिळतो, गुंतवणूक येते. हॉटेलं भरतात हे खरं. पण जो व्यापारी, जो रुग्णाचा नातेवाईक, जो परीक्षेला आलेला विद्यार्थी त्या आठवड्यात खोली मिळाली नाही किंवा रस्ते बंद म्हणून आला नाही, त्याला कुणी मोजत नाही. रस्ता बंद म्हणून ज्या दुकानाचं शटर खाली राहिलं, तेही त्या आकड्यात नसतं. ब्रँडिंगची गंमत अशी की त्याची फक्त बेरीज होते, वजाबाकी होतच नाही.

आणि ब्रँड टिकतो किती? चेन्नईत दोन दशकांहून अधिक काळ एटीपीची टेनिस स्पर्धा भरत होती. २०१८ मध्ये ती उचलून पुण्याला आणली, बालेवाडीत, राज्य सरकारच्या पाठबळावर. आपण टाळ्या वाजवल्या, चेन्नईकर हळहळले. २०२३ नंतर ती इथूनही गेली, हाँगकाँगला. स्पर्धेला गाव नसतं, करार असतो. करार संपला की ती पुढच्या यजमानाकडे पदर खोचून निघते आणि आपण तिच्यासाठी लावलेल्या कमानी उतरवत बसतो.

गणपतीच्या बाबतीत तरी असं होणार नाही, असं २०१७ मध्ये वाटलं होतं. गणपती काही हाँगकाँगला जाणार नव्हते. सार्वजनिक गणेशोत्सवाचं शतकोत्तर रौप्यमहोत्सवी वर्ष महापालिकेनं स्वतःच साजरं करायचं ठरवलं, आणि समारंभाच्या बोधचिन्हातून लोकमान्य टिळकच वगळले गेले. उत्सव पहिल्यांदा कुणी सुरू केला, टिळकांनी की भाऊ रंगारींनी, हा वाद तेव्हा पेटलेला होता आणि तोही १२५ की १२६ इथपर्यंत गेला होता. त्या वेळी महापौर कोण? मुक्ता टिळक, लोकमान्यांच्या घरातल्या सूनबाई. असा योग जुळवून आणायला प्रतिभा लागते, ती नुसत्या पैशाने येत नाही. पैसा मात्र लागतोच.

आपल्यालाच नावं ठेवू नयेत म्हणून जरा परदेशात डोकावू. कॅनडातल्या मॉन्ट्रियलने १९७६ चं ऑलिम्पिक भरवलं. महापौर ज्याँ द्रापो यांनी आधीच छातीठोक सांगितलं होतं की पुरुषाला मूल होणं जितकं अशक्य, तितकंच ऑलिम्पिकला तूट येणं अशक्य. तूट आली, आणि ती एवढी आली की एस्लिन या व्यंगचित्रकाराने पोट पुढे आलेले महापौर गर्भपात करणाऱ्या प्रसिद्ध डॉक्टरांना फोन लावतायत असं चित्र काढलं. ते कर्ज फिटलं २००६ मध्ये. तीस वर्षं. आणि फेडलं कुणी? बरंचसं सिगारेट ओढणाऱ्यांनी, कारण त्यासाठी तंबाखूवर खास कर लावला होता. धावपटूंचं देणं धूम्रपान करणाऱ्यांच्या फुफ्फुसांनी फेडल्याचं दुसरं उदाहरण क्रीडा इतिहासात नसावं.

तेच १९७६ चं हिवाळी ऑलिम्पिक अमेरिकेतल्या डेन्व्हरला मिळालं होतं. तिथल्या कोलोरॅडो राज्यातल्या मतदारांनी १९७२ मध्ये मतपेटीतून सांगितलं की आमचे पैसे यात घालायचे नाहीत. ऑलिम्पिक गेलं इन्सब्रुकला. मिळालेलं ऑलिम्पिक परत करणारे हे लोक आपल्या एकाही नगरसेवकाला भेटू नयेत अशी माझी प्रार्थना आहे. नगरसेवकाला धक्का सहन व्हायचा नाही.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याची गोष्ट अगदी ताजी. त्यांनी २०२६ ची राष्ट्रकुल स्पर्धा घेतली आणि २०२३ च्या जुलैत, खर्चाचा अंदाज फुगत चाललेला बघून, परत केली. नुकसानभरपाई म्हणून ३८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मोजले. मग तिथल्या महालेखापरीक्षकांनी हिशेब मांडला आणि जाहीर केलं की न झालेल्या या स्पर्धेवर जनतेचे ५८.९ कोटी डॉलर खर्च झाले. लक्षात घ्या, न झालेल्या स्पर्धेचा हिशेब! शेवटच्या डॉलरापर्यंत, दोन वर्षांच्या आत, छापील. आपल्याकडे झालेल्या स्पर्धेचाही असा हिशेब कुणी मांडून दाखवलेला मला आठवत नाही. २००८ च्या ऑक्टोबरात पुण्यात राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. ७१ देश आले, बालेवाडीचा कायापालट झाला, शहरभर रस्ते रुंद झाले, ‘जिगर’ नावाचा वाघाचा बच्चा भिंतीभिंतीवर हसत होता. त्यातलं महापालिकेचं किती, राज्याचं किती, केंद्राचं किती, आणि त्यातलं किती तसंही करायचंच होतं? पुण्यात एका पानावर हे कुठे वाचायला मिळालं तर मला कळवा. पुढचं सदर तुमच्या नावाने लिहीन.

‘तसंही करायचंच होतं’ हा मुद्दा मात्र सोपा नाही आणि इथे मला माझीच बाजू थोडी लंगडी पडताना दिसते. बार्सिलोनाने १९९२ च्या ऑलिम्पिकचा असा उपयोग केला की आजही नगररचनेच्या वर्गात त्याचा दाखला देतात. समुद्राकडे पाठ करून बसलेलं शहर समुद्राकडे वळलं, वळणरस्ता झाला, जुन्या कारखान्यांच्या जागी वस्ती आणि किनारा आला. पण तिथे ही कामं आधीपासून आखलेली होती आणि ऑलिम्पिक त्यांना तारीख म्हणून वापरलं गेलं. आपल्याकडे तारीख आधी येते आणि मग तिच्यासाठी काम शोधतात. सापडतं ते बहुधा दुभाजकाचं रंगकाम. पिवळा-काळा होता, आता काळा-पिवळा.

शिवाय पुण्याला सोहळा करता येत नाही असं कोण म्हणेल? दरवर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या येतात. लाखो माणसं, दोन मुक्काम. महापालिकेच्या शाळा उघडतात, टँकर उभे राहतात, फिरती स्वच्छतागृहं लागतात, दवाखाने रात्रभर चालू. ना सल्लागार नेमावा लागतो, ना बोधचिन्ह काढावं लागतं, ना कुणी बोली लावून वारी मिळवलेली असते. २०२३ च्या जूनमध्ये जी-२० ची डिजिटल अर्थव्यवस्थेवरची बैठक आणि पालख्या एकाच वेळी पुण्यात होत्या. एकीकडे पाहुण्यांना हार, गुलाबपाणी आणि वातानुकूलित बस. दुसरीकडे लाखो माणसं डोक्यावर तुळस घेऊन पायी, डांबर तापलेलं, आणि त्यांनी पातळीत नसलेल्या चेंबरबद्दल चकार शब्द काढला नाही. कदाचित म्हणूनच चेंबर तिथेच राहिलं. वारकऱ्यानं एकदा तक्रार करायला शिकलं पाहिजे.

हिशेबाचं म्हणाल तर आमच्या गल्लीतलं मंडळ या बाबतीत महापालिकेच्या पुढे आहे. मंडळाचे कार्यकर्ते काही हरिश्चंद्राचे वंशज नव्हेत. वर्गणी मागताना त्यांची भाषा नम्र असतेच असं नाही आणि डीजेचं बिल दरवर्षी संशयास्पद असतं. तरी अनंत चतुर्दशी उलटली की फलकावर जमाखर्च लागतो: जमा वर्गणी इतकी, जाहिराती इतक्या, खर्च मांडव, मूर्ती, विसर्जनाचा ट्रॅक्टर, चहा. चहाचा आकडा वाचून गल्ली हसते, खजिनदार चिडतो, पुढल्या वर्षी चहा थोडा कमी होतो. सगळं एका फळ्यावर. ट्रॅक्टरचा खर्च वाहतूक विभागात आणि चहाचा पाणीपुरवठ्यात, असं दाखवायचं आमच्या खजिनदाराला अजून सुचलेलं नाही. तो पुढेमागे नगरसेवक झाला तर सुचेलही.

आता सभागृह पुन्हा भरलंय. १६५ जण निवडून आलेत, त्यातले निम्मे तरी नवे चेहरे असतील आणि पहिल्याच वर्षी काहीतरी करून दाखवण्याची खुमखुमी असेल. त्यांच्यासाठी मुख्य सभेत लेखी विचारायचा एक प्रश्न मी आयता लिहून ठेवलाय. नाव-सही घालायची आणि नगरसचिवांकडे द्यायचा, एवढंच.

“मा. महापालिका आयुक्त पुढील माहिती देतील काय? (अ) जानेवारी २०२६ मधील सायकल शर्यतीनिमित्त शहर हद्दीत झालेल्या सर्व कामांचा खर्च, विभागनिहाय आणि एकूण, एकाच तक्त्यात. (आ) यांपैकी कोणती कामे त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आधीपासून होती, आणि कोणत्या कामांचे पैसे वर्गीकरणाने वळवले. वळवले असल्यास कोणत्या कामाचे, व ते काम सध्या कोठे आहे. (इ) माफ केलेली भाडी व शुल्के. (ई) शर्यतीच्या मार्गावरील गतिरोधक काढण्याचा खर्च आणि ते पुन्हा बसवण्याचा खर्च स्वतंत्रपणे द्यावा. दोन्ही कामे एकाच ठेकेदाराकडे असल्यास तसे नमूद करावे.”